बगळ्या-हौश्याचा दाखला

आश्विन शु. ११, शके १८१५. कोपर.

मिठाच्या आगरावरून आलो तो आई ओट्यावर बसलेली. हातात पोष्टकार्ड, उलटे धरलेले. सकाळीच आले म्हणे; मी येईपर्यंत कोणाला वाचू दिले नाही. दमणहून धर्मामामाचे. अक्षर दुसऱ्या कोणाचे, पण मजकूर मामाचा. देवदिवाळी झाली की गलबताने दीवला जाणार, तिकडचे आगर धरले आहे. पुन्हा इकडे येणे होईलसे वाटत नाही. यंदाची भाऊबीज माझ्या घरी झाली तर बरे.

तीन वेळा वाचून दाखवले. चौथ्यांदा ती माझ्याबरोबर पाठ म्हणत होती.

मामा आईचा थोरला भाऊ. तो गाव सोडून गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा. त्याला अकरा वर्षे झाली. का गेला हे घरात कोणी बोलत नाही.

बाबांनी जेवता जेवता सगळे ऐकले. हात धुतला आणि म्हणाले, "गाडीनं जाव."

मी म्हटले, आगगाडी दमणच्या दोन-तीन कोसांवर पोचते, एका दिवसात जाऊ. बैलगाडीला सात दिवस.

"सात तर सात. आपल्या गाडीनं जाव."

आई ताट उचलताना हसली. कशाला, ते कळले नाही.

आश्विन शु. १३.

दमण फिरंगी मुलूख आहे. कोणाला न विचारता गाडी हाकीत नेली आणि हद्दीवर अडवली तर? बाबा म्हणतात, बैल काय हद्द वाचतात? म्हणून एकटाच कल्याणच्या कचेरीत गेलो. दाखले लिहिणारे भाऊसाहेब चष्मा पुशीत होते.

"दोन वर्षांमागे आला असतास तर सरळ गेला असतास. आता इंग्रज-फिरंग्यांचा जकातीचा तह संपला, नाके बसले. माणूस पायी गेला तर कोण विचारतो? गाडी-बैल नेलेस की तो माल ठरतो. विकायला नेले नाहीस हे कशावरून?"

मी म्हटले, आमचे घरचे बैल आहेत, विकायचे नाहीत.

"हे मला सांगून काय उपयोग? नाकेदाराला सांगायचे. आणि तो कागदाशिवाय ऐकत नाही."

समजले ते असे. कल्याणहून दाखला न्यायचा, की हे बैल अमक्याचे, असे असे दिसतात, जाणार तेच परत येणार. त्यावर ठाण्याच्या साहेबाचा शिक्का. तो पाहून तिकडचा नाकेदार ठरावीक दिवसांचा परवाना देईल. परतताना तेच बैल दाखवायचे.

अर्ज स्वतःच लिहून आण म्हणाले. हो म्हटले. शाळा तिसऱ्या पुस्तकावर सुटली हे त्यांना सांगितले नाही.

आश्विन वद्य १.

दिवसभर बैलांचे वर्णन. बगळ्या: पांढरा, शिंगे काळी, टोके आत वळलेली, डाव्या कानास चीर. हौश्या: पांढरा, शिंगे काळी, सरळ, कपाळावर भोवरा. उंची काठीने मोजली. हौश्या हलला म्हणून पुन्हा मोजली. दोन्ही वेळा निराळी आली. तिसऱ्यांदा मोजली.

बाबा बाजेवरून बघत होते. "म्हाद्या, दात मोज. न्हायतर दात बदलून आनशील दमनशी."

अर्ज चार वेळा लिहिला. चौथा बरा. स्वभावही लिहिला, "गरीब".

आश्विन वद्य ३.

बैल समक्ष दाखवायचे म्हणून गाडी घेऊन कल्याणास. भाऊसाहेब अर्ज हातात घेऊन कचेरीच्या पायरीवर आले. एकेक ओळ वाचायची आणि बैलाकडे बघायचे. दोघे पट्टेवालेही येऊन उभे राहिले.

"काय रे, मुलगी दाखवायला आणलीस की बैल?"

बाबा लगेच म्हणाले, "पोरी नाय साहेब, दोगं माजे जावय हायत. खातात बसून, आन सासऱ्यावं शिंग उगारतात."

भाऊसाहेब हसले. मग मला विचारले, "स्वभाव गरीब? स्वभाव कोणी विचारला?"

मी म्हटले, नाकेदार जवळ येऊन बघेल तेव्हा भिऊ नये म्हणून.

"खोड ते. रंग आणि शिंगे, एवढे पुरे. नाक्यावर तेच बघतात." खोडले आणि सही केली. अर्जात चूक एकही निघाली नाही. हे त्यांनी म्हटले नाही, पण मी लक्ष ठेवून होतो.

परत येताना बाबांनी कासरा माझ्या हातात दिला. एरवी देत नाहीत.

आश्विन वद्य ५. ठाणे.

ओहोटीबरोबर मचव्याने आलो. मचवा पुढे कोलशेतास जाणारा, मला ठाण्याच्या बंदरात उतरवले. दाखला मेणकापडात गुंडाळून पोटाशी बांधला होता, घामाने एक कोपरा ओला झालाच.

साहेब दौऱ्यावर. कधी येतील? पट्टेवाला म्हणाला, "साहेब आल्यावर." धर्मशाळेत राहिलो.

आश्विन वद्य ६. ठाणे.

साहेब नाहीत. कचेरीसमोर दिवस काढला. दिवस मोजतो आहे. सात दिवसांची वाट, म्हणजे नवमीला निघालेच पाहिजे. नाहीतर भाऊबीज वाटेत.

मी न येताच बाबा निघतील अशी धास्ती. तसे ते करणार नाहीत. पण करतील.

आश्विन वद्य ७.

शिक्का मिळाला. साहेबाने मान वर केली नाही. तीन दिवस ज्याची वाट पाहिली ते एका क्षणात झाले. शिक्का किंचित तिरपा आहे. विचारावेसे वाटले, धीर झाला नाही.

संध्याकाळी कोपरात. आईने कागद हातात घेतला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मला तो पुन्हा वाचायचा होता. पूजा होईपर्यंत थांबलो.

आश्विन वद्य ८.

सामान. आईच्या करंज्या, मामाला धोतरजोडी, बैलांना पेंढा. शिवाय एक गाठोडे जड लागले म्हणून सोडले, तर आपल्या आगरातले मीठ.

"आये, मीठ सरकारी कराचा माल. ते सापडले तर बैलांआधी आपण अडकू. आणि मामा स्वतः आगरावर काम करतो, त्याला मिठाची काय वाण?"

"तिकरचं मीठ करू असतं," आई म्हणाली. कडू म्हणायचे होते तिला.

काढून ठेवले. तासाभराने पेंढ्याखाली पुन्हा सापडले. पुन्हा काढले. आता पेंढा दोनदा चाळून मगच निजणार.

आश्विन वद्य ९.

निघालो. कल्याणच्या खाडीवर तरीत गाडी चढवताना हौश्या अडला. बाबांनी त्याच्या कानात काही सांगितले, मग चढला. काय सांगितले विचारले तर म्हणाले, "आमच्या दोगांतलं हाय."

पाठीवर चाबूक नाही, हातात टोचायची पराणी नाही. आमच्या गाडीत पराणी नसतेच. दुसऱ्यांच्या गाड्यांत असते. आजवर का ते मनात आले नव्हते.

आश्विन वद्य ११. वाड्याच्या पुढे.

दाखला सकाळ-संध्याकाळ बघतो. आहे.

बाबा ओढ्यावर बैल पाजायला गेले तेव्हा आईला विचारले. तिने सांगितले ते असे.

अकरा वर्षांमागे गावाच्या जत्रेत गाड्यांची शर्यत. गाडी बाबांची, बैल वाऱ्या, हाकणारा मामा. तेव्हा दोघांचे एका ताटात जेवणे. शेवटच्या टप्प्यात मामाने जिंकण्यासाठी वाऱ्याला पराणी टोचली, रक्त येईपर्यंत. गाडी पहिली आली. लोक मामाला खांद्यावर घ्यायला धावले. बाबा त्यांच्यातून शिरले आणि सगळ्या गावादेखत मामाच्या थोबाडीत मारली. थोरल्या मेहुण्याच्या. आणि म्हणाले, "तुज्या दारान माजी गाडी कवा लागनार नाय."

आठ दिवसांनी मामा दमणच्या आगरावर निघून गेला. बाबा पुन्हा शर्यतीत उतरले नाहीत.

"मंग आगगाडीनं कसं जातील ते?" आई म्हणाली. "गाडी लागनार नाय बोलले व्हते. आता गाडीच लावाय पायजे."

"तसे बाबा म्हणाले तुला?"

"ते कवा काय म्हनतात?"

मग उमगले, कार्ड आले त्या दिवशी ती का हसली होती.

आश्विन वद्य १४.

पहाटे एका विहिरीवर आंघोळी. बाबांनी आधी बैलांना न्हाऊ घातले, मग स्वतः. आईने मला उटणे लावले, वीस वर्षांच्या घोड्याला. वाटेने जाणारा एक म्हातारा थांबून बघत होता. मी डोळे मिटून घेतले.

उद्याचा दिवस वाट, परवा नाका.

कार्तिक शु. १. दमणचा नाका.

चूक माझी. तशीच लिहून ठेवतो.

आज पाडवा. नाका अर्ध्या कोसावर असताना आंब्याखाली गाडी सोडली. पाडव्याला बैल रंगवल्यावाचून आमच्याकडे कोणी घास घेत नाही. आईने घरून शेंदूर, गेरू, तेल सगळे आणले होते. ते गाठोडे मीच तपासले होते, मिठासाठी. आत मीठ नाही एवढे पाहिले.

शेंदूर तेलात मी कालवला. बगळ्याची शिंगे मी रंगवली, हौश्याची बाबांनी. आईने अंगभर गेरूचे पंजे उठवले. पेंढ्याचा जाळ करून त्यावरून दोघांना उडवले. फार देखणे दिसत होते. बाबा म्हणाले, "धर्मा बघल तर बघत ऱ्हाईल." अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मामाचे नाव पहिल्यांदा ऐकले. मला इतका आनंद झाला की पोटाशी बांधलेल्या कागदात काय लिहिले आहे त्याची आठवण झाली नाही. रोज दोनदा वाचलेला कागद.

नाक्यावरचा कारकून गोव्याकडचा, दिसायला सौम्य. दाखला वाचला. बाहेर आला. बैलांकडे बघितले. पुन्हा कागद वाचला.

"कागदार धवे बैल, काळी शिंगां. हांगा तांबडीं शिंगां, तांबडे बैल. हे ते न्हय."

बाबा म्हणाले, "आज पाडवा हाय, साहेब. रंग हाय तो."

ओढ्यावर नेऊन तासभर घासले. गेरू गेला, पण अंग गुलाबी राहिले. शेंदूर शिंगांत बसलेला. बाबा विळ्याने खरवडू लागले, काळे-तांबडे पट्टे उठले. परत नेले. कारकून आणखीच गोंधळला.

"सकाळीं तांबडीं, आतां पट्ट्यांचीं. म्हाका आतां चडच दुबाव." दुबाव म्हणजे संशय असावा.

उद्धट नव्हता. बाकावर बसवून त्याने नीट समजावले. एक तर कल्याणास जाऊन नवा दाखला आणा. नाही तर बैलांच्या किमतीएवढी अनामत ठेवा, ती आमच्याजवळ नाही. नाही तर दमणच्या राहणाऱ्याने जामीन व्हावे, की हेच बैल परत जातील. त्याने नाक्यावर समक्ष येऊन अंगठा केला की लगेच परवाना. माणसांना अटकाव नाही, माणसे आत्ता जाऊ शकतात.

दमणला आम्ही एकच माणूस ओळखतो.

मी बाबांकडे पाहिले. ते हौश्याच्या शिंगावरून हात फिरवत होते. म्हणाले, "तू आन आये उद्या पायी जावा. मी बैलांपाशी बसतो."

"बाबा, मामाला सांगितले तर..."

"जामिनाचं नाव कारायचं नाय तुनं. ज्याला चार मानसांत मारला त्याला सांगू, माज्या बैलांसाटी अंगठा कर?"

आई गाडीच्या पलीकडे करंज्यांचा डबा फडक्यात बांधत होती. तिने ऐकले. गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

मी बाबांना म्हटले, चूक माझी. वर्णन मी लिहिले, शेंदूर मी कालवला.

"बरा कालवलास," बाबा म्हणाले. "घासून निघत नाय इतका बरा."

रागावले असते तर सोपे गेले असते.

कार्तिक शु. २. भाऊबीज. मामाचे घर, दमण.

उजाडता निघालो. बाबा नाक्याच्या आडव्या बांबूपर्यंत आले. आईने मागे वळून पाहिले नाही, मी पाहिले. गाडीचे जू मोकळे, खाली टेकलेले. बैल चरत होते.

मामाचे घर आगराच्या कडेला, कुडाचे. निम्मे सामान बांधलेले. मामा दारात उभा, मला वाटला होता त्याहून बुटका. आईला बघून म्हणाला, "तू मोटी झालीस." ती पंचेचाळिशीची आहे. ती म्हणाली, "दादूस, तू म्हातारा झालास." मग दोघे हसले.

पाटावर बसवून ओवाळले. वात दोनदा विझली, वारा खाडीचा. मामाने करंजी खाल्ली, धोतरजोडी डोक्याला लावली. माझ्याकडे बघून, "शिकला काय हा?" म्हणाला. आई म्हणाली, "अर्ज लिवतो." मला लाज वाटली.

मग त्याची नजर आमच्या पायांवर गेली.

"कोपराशी पायी आलाव?"

"नाक्यापासून पायी," आई म्हणाली.

"आन नाक्यापतूर?"

आई तबकाकडे बघत राहिली. "गाडीनं."

"कोनाचे गाडीनं?"

"आमच्या."

मामाने पाटावरून उठून दाराबाहेर पाहिले. तिथे अर्थात काही नव्हते, मिठाचे ढीग. परत येऊन माझ्यासमोर बसला.

"नाकेवाला काय बोलला? सगलं सांग. गालू नको कायपन."

बाबांनी मना केले होते. पण मामाने विचारले सगळे, आणि सगळ्यातून एक गाळून सांगणे मला जमेना. शेंदूर सांगितला, पट्टे सांगितले, नवा दाखला, अनामत, आणि मग जामीनही. बाबांनी ते नाव काढू नको म्हटले तेही सांगून टाकले. आईने डोळे मिटून घेतले.

मामा गुडघ्याला मिठी मारून बसला होता.

"बैलाला टोचला म्हनून त्यानं मना मारला. आन बैलांसाटी जामीन मी." हसला की खोकला, समजले नाही. "वाऱ्या हाय काय?"

"नाही. पाच वर्षे झाली. म्हातारा होऊन गेला, घरीच."

"पाठीवरची खून गेली व्हती?"

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटले, "नाही, मामा. दिसत होती शेवटपर्यंत."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला माहीत होते. थोड्या वेळाने म्हणाला, "त्यानं तोंडानं सांगावं मना. येवरंच."

"ते नाय सांगायचे, दादूस."

"ठाव हाय मना."

"मंग?"

त्याने खुंटीवरचे पागोटे काढले. नाका दिवस मावळता बंद होतो आणि परवान्याला वेळ लागतो, एवढे मी सांगितले. पुन्हा सांगावेसे वाटते आहे, सांगत नाही. म्हणून लिहीत बसलो आहे.

आई तबक आवरून, पदर खोचून अंगणात जाऊन उभी आहे, नाक्याच्या वाटेकडे तोंड करून. मामाने पागोटे एकदा बांधले, मग सोडले. पुन्हा बांधले. आरसा नाही, मला विचारले, "बरा दिसतं काय?" मी हो म्हटले.

आता पुन्हा सोडले, तिसऱ्यांदा बांधायला.